‘ताई, किती मिनिटं राहिली?’

*या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याची, इंटरनेटच्या कंटाळ्याची, निघाली. पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबलं. बाकीच्या दोघांना कमी जागा मिळाली, त्यांनी राग मानू नये.*

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा इचलकरंजीचा, वय ३९, नोकरीसाठी पुण्यात वाकडला असतो. अकरावीत असताना आमच्या यंत्रमागाच्या शेडपासून चार दुकानं सोडून एक सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये. आठवडाभर पैसे साठवून मी रविवारी एक तास बसायचो. काय काय बघायचं ते आदल्या रात्री वहीत लिहून ठेवायचो. तो एक तास मला सोमवार-मंगळवारपर्यंत पुरायचा. आता घरात फायबर आहे, हातात फाइव्ह-जी आहे. जेवण झालं की सोफ्यावर पडतो, फोन उघडतो आणि साडेअकराला लक्षात येतं की आपण काय बघितलं ते एकही आठवत नाही. मजा येत नाही आणि फोन ठेववतही नाही. बायको म्हणते, ‘एवढा कंटाळा आलाय तर ठेव की बाजूला.’ तेच तर जमत नाही. माणसाला कालांतराने इंटरनेटचा कंटाळा येतो का? की हे माझं वय बोलतंय?
— एक वाचक, वाकड

उत्तर : तुमच्या पत्रात मी त्या वहीपाशीच अडकले. तशी वही घेऊन येणारी पोरं मी समोरून बघितली आहेत, काउंटरच्या अलीकडून.

नव्या वाचकांसाठी सांगते, हे सदर लिहिणारी बाई मानसतज्ज्ञ वगैरे नाही. कराडला स्टँडजवळ १९९४ पासून आमचा एसटीडी बूथ होता. जून २००१ मध्ये त्याच गाळ्यात तीन कॉम्प्युटर टाकून आम्ही कॅफे काढला, पुढे त्याचे सहा झाले. मार्च २०१३ मध्ये बंद केला. आता तिथेच बसून मी लोकांचे दाखले, अर्ज, केवायसी भरून देते. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना इंटरनेट वापरताना बघत बसले आहे. असा धंदा फार लोकांनी केला नसेल.

तुमचं पत्र आल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढली. तीत कॅफेच्या लांब वह्या आहेत. २०११ साली सायबर कॅफेसाठी सरकारी नियम आले: कप्प्यांची उंची जमिनीपासून साडेचार फुटांच्या वर नको, प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, कोण कधी बसला कधी उठला याची नोंद वर्षभर जपा. सुताराला बोलावून आम्ही प्लायवूडचे कप्पे कापून घेतले. नोंदी मात्र मी पहिल्या दिवसापासून ठेवत होते, नियमासाठी नव्हे, पैशांसाठी. नाव, मशीन नंबर, बसला, उठला, रुपये. वर्ष झालं की रद्दीत द्यायला हरकत नव्हती. पण दिल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, घरात उंदरांसाठी ग्रंथालय आहे.

तर २००४ ची वही उघडली. एका पॉलिटेक्निकच्या मुलाचं नाव जुलैत रोज आहे. रोज म्हणजे रोज, रविवारीसुद्धा. गणपतीपर्यंत तो दिवसाआड आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातून एकदा. जानेवारीत दोनदा. मग एकदम मे महिन्यात एक ओळ: ‘निकाल, प्रिंट १, रु. १०’. पुढचं पान उलटलं तर दुसऱ्या नावाची तीच गत. तिसऱ्याची तीच. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिले तीन-चार महिने पिसाटल्यासारखं यायचं आणि मग कामापुरतं उरायचं. तेव्हा मला त्याचा त्रास व्हायचा, कारण भाडं भरायचं असायचं. आता बघताना वाटतं, बरं चाललं होतं त्या पोरांचं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, कंटाळा येतो, आणि चांगला लवकर येतो. वीस वर्षं लागत नाहीत.

आता वहीच्या समासात मी पेन्सिलीने एक गोष्ट लिहायचे ती सांगते. ‘१२ मि. जमा.’ ‘७ मि. जमा.’ तासाचे पैसे आधी घेतलेले असायचे. पण एखादा पोरगा अठ्ठेचाळीस मिनिटांतच खुर्ची मागे सरकवून उठायचा आणि म्हणायचा, ‘ताई, राहिलेली पुढच्या वेळी धरा.’ खिशातून मोजून दिलेल्या पैशांची मिनिटं सोडून माणसं उठून गेली आहेत हो. बाहेर काही सोनं वाटत नव्हते. समोर चहाची गाडी होती आणि थोडं खाली कृष्णेचा घाट. पुरे झालं, एवढंच कारण. याच्या उलट गेममध्ये रंगलेली पोरं कप्प्यावरून डोकं काढून ओरडायची, ‘ताई, किती मिनिटं राहिली?’ हा प्रश्न मी बारा वर्षांत किती वेळा ऐकला असेल! दोन्ही जातीच्या पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की मिनिटं संपतात.

तेव्हा कंटाळा आला की माणूस उठायचा. कंटाळ्याचं कामच ते. बैलाला चाळीस फेऱ्या झाल्या की तो आपोआप मान टाकतो, तसं. आज तुम्हाला कंटाळा येतो तेव्हा फोन काय करतो? पुढचं काहीतरी वाढतो. तुमचा कंटाळा त्याला भुकेसारखा दिसतो. तो पुरा होऊच देत नाही. अर्धा आला की वर एक रील, पाऊण आला की एक भांडण, मग कुठल्या तरी नटीचं विमानतळावरचं चालणं. माझ्या मते तुमचं दुखणं कंटाळा येण्याचं नाही, तो तुम्हाला पूर्ण येऊ दिला जात नाही याचं आहे.

लग्नाच्या पंगतीत बसला असालच. वाढपी जिलबीचं ताट घेऊन येतो, आग्रह करतो आणि नको असेल तर आपण पानावर आडवा हात धरतो. इंटरनेटच्या पानालाही असा आडवा हात होता. खाली १, २, ३ आणि ‘पुढे’ असे आकडे असायचे. पान संपलं की माणूस तिथे क्षणभर थांबायचा, ‘पुढे’ दाबू का चहा पिऊ, असा. २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने अशी युक्ती काढली की खाली सरकवत राहिलं की पुढचा मजकूर आपसूक येऊन चिकटतो आणि तळ लागतच नाही. हेतू वाईट नव्हता, वाचणाऱ्याची एक टिचकी वाचावी इतकाच. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे याबद्दल खेद व्यक्त केला. पण तोवर सगळ्या दुकानांनी ती युक्ती उचलली होती. आता पान संपत नाही आणि वाढपी हलत नाही.

त्यात आपला स्वभाव. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आधी डिसेंबरअखेरपर्यंत फुकट, मग मुदत वाढून मार्च २०१७ पर्यंत फुकट. त्याआधी माझ्याकडे रिचार्जला येणारी माणसं महिन्याचा एक जीबी तुपासारखा पुरवून वापरायची. नंतर बहुतेक पॅक रोजच्या हिशोबावर आले. आज दीड जीबी, रात्री बाराला उरलं ते वाया. पानात टाकायचं नाही हे ज्यांना लहानपणी धपाटे घालून शिकवलंय, त्यांच्याकडून हे कसं सहन व्हावं? आमच्या शेजारच्या वहिनी रात्री सव्वाअकराला मला सांगतात, ‘अजून सहाशे एमबी उरलंय हो.’ आणि झोप आलेली असताना मालिकेचा भाग लावतात. हे मी विनोदाने सांगत नाहीये. डोळ्यांत पाणी येईस्तोवर जांभया देत ती बाई डेटा संपवत असते.

तुमच्या शब्दाबद्दल थोडं. तुम्ही ‘कंटाळा’ लिहिलंत, पण वर्णन केलंत ते शिणाचं. कंटाळलेला माणूस चुळबुळ करतो, खिडकीशी जातो, डबे उघडून बघतो. शिणलेला माणूस पडलाय तिथेच पडून राहतो, पंख्याचं बटण दोन हातांवर असलं तरी. आणि वीट आला असता तर तुम्ही मला पत्र लिहिलंच नसतं, विटलेला माणूस ताट सरकवून उठतो. बायकोला एवढं समजावून सांगा. ती म्हणते ‘ठेव बाजूला’, पण ते शीण गेलेल्या माणसाला सांगायचं वाक्य आहे.

आणखी एक गोष्ट वह्यांमधून नाही, गप्पांमधून कळली. २००६ ते २००८ या काळात माझ्या सहापैकी चार मशीनवर कायम ऑर्कुट, म्हणजे तेव्हाची फेसबुकसारखी साइट, उघडं असायचं. स्क्रॅप लिही, कुणाचा फॅन हो, मैत्रिणीला टेस्टिमोनियल लिहून दे. मग एक दिवस तीच पोरं म्हणायला लागली, बोअर झालंय. मी खोदून विचारलं, की काय बोअर झालं? एकजण म्हणाला, ‘ताई, तिथं आता कोण नसतंय.’ फेसबुकवर गेले होते सगळे. ऑर्कुटला कुलूप लागलं ते ३० सप्टेंबर २०१४ ला, पण माणसं त्याआधीच उठून गेली होती. याहू मेसेंजरचं तसंच झालं, १७ जुलै २०१८ ला बंद पडलं तेव्हा विचारायलाही कोणी आलं नाही. या मुलांना इंटरनेटचा कंटाळा आला होता का? शेजारचे उठून गेले म्हणून करमत नव्हतं, इतकंच. आता तुमच्या सोफ्यावरच्या त्या दोन-अडीच तासांकडे बघा. त्यात ओळखीचं माणूस किती मिनिटं असतं? घरात बायको सोडून म्हणतेय मी.

ज्यांना कंटाळा आलाच नाही असेही लोक माझ्या बघण्यात आहेत. एक निवृत्त भूगोल शिक्षक २००५ पासून मराठी विकिपीडियावर लिहितात. तो १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे हे तसे सुरुवातीच्या मंडळींपैकी. माझ्याच दोन नंबरच्या मशीनवर देवनागरी टंकायला शिकले. आज ऐंशीला टेकलेत. कोयनेच्या उपनद्यांवरून कुणाशी तरी त्यांचं तीन महिने चाललेलं भांडण मी ऐकलंय. त्यांनी लिहिलेलं कोणीतरी खोडतं, मग हे पुरावा शोधायला सरकारी गॅझेटियर उघडतात. वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘टाइमपास’ हा शब्द ऐकला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई ‘आमच्या वेळी’चं गाणं गातेय. छे. ते कीबोर्ड मी पुसले आहेत, मला त्या काळाचं प्रेम सांगू नका. एक फोटो उघडायला चार मिनिटं लागायची. लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर माना टाकायचा आणि अर्धवट भरलेला फॉर्म उडाला की पोरगी रडायला लागायची. व्हायरसने दर महिन्याला एक मशीन आडवं. आणि कप्प्यांची उंची सरकारला कमी का करावीशी वाटली तेही मला चांगलं माहीत आहे.

पण एक आजोबा सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा मस्कतला. दर रविवारी अकराला यायचे, पंधरा मिनिटांचे पैसे काउंटरवर आधी मोजून ठेवायचे. वेबकॅमसमोर बसण्यापूर्वी शर्टचं वरचं बटण लावायचे, टोपी काढून पुन्हा घालायचे. खिशात एसटीच्या जुन्या तिकिटाच्या मागे लिहून आणलेलं असायचं: विहीर, म्हशीचं औषध, भावकीतलं लग्न, डोळ्याचं ऑपरेशन. एकेक वाचून सांगायचे आणि बोट ठेवून पुढे सरकायचे. चित्र अडकलं की पडद्याच्या कडेवर हलकी थाप मारायचे, गाडीच्या बॉनेटवर मारल्यासारखी. पंधरा मिनिटं झाली की मी काही बोलायच्या आत स्वतः म्हणायचे, ‘ठेवतो, मीटर पडतोय.’ गेल्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. नातवाने मोठा फोन दिलाय. मी विचारलं, आता रोज बोलत असाल मुलाशी? म्हणाले, ‘रोज दिसतोय की. काय जेवला ते इच्यारतो, मी सांगतो. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतो.’ आणि हसले. तक्रार नव्हती ती. रविवारच्या चिठ्ठीत लिहायला सहा दिवस लागायचे, ते सहा दिवसच आता मध्ये नाहीत.

आमच्या बाजूला, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. मग टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पांना. साडेआठला दुसरा भोंगा, की चालू. १५ ऑगस्ट २०२२ पासून ग्रामसभेने हे ठरवून केलंय. आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं ती तारीखही १५ ऑगस्टच, १९९५ सालची. सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला एका गावाने ते रोज दीड तास बंद ठेवायचं ठरवलं. मला या गोष्टीत भोंगा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्याने निश्चय करा असं गावाने कुणालाही सांगितलं नाही. सगळ्यांची मिनिटं एकदम संपवली. आणि साडेआठला परत चालू केलं, हेही तितकंच शहाणपणाचं.

वाकडच्या सोसायटीत भोंगा वाजवलात तर सेक्रेटरी नोटीस काढतील. तेव्हा मी स्वतः काय केलं ते सांगते, तेही मोठ्या अभिमानाने नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री दीड वाजता मी परदेशातला कुठला तरी चिखलाने माखलेला गालिचा धुताना बघत होते. पाण्याचा फवारा मारतात, काळं पाणी निघतं, मग हळूहळू खालचा लाल रंग दिसायला लागतो. तिसरा गालिचा होता तो. आमच्या घरात गालिचा नाही. एक सतरंजी आहे, ती मी दीड महिना धुतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानातून एक लांब वही आणली आणि जुन्या सवयीने रकाने आखले. बसले, उठले. पैशांच्या रकान्याच्या जागी लिहिलं, ‘कशासाठी’. फोन हातात घेण्याआधी तो रकाना भरायचा, एवढा एकच नियम. बंदी कसलीच नाही. गालिचा बघायचा असेल तर ‘गालिचा’ लिहायचं आणि बघायचा. पहिल्या दिवशी एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या एकोणीस नोंदींपुढे मी प्रामाणिकपणे आडवी रेघ मारली, कारण लिहायला शब्दच नव्हता. पाचव्या दिवशी रेघ मारायची लाज वाटायला लागली. तीन आठवड्यांनी वही सुटली, माझ्याकडून काही टिकत नाही. पण रात्री फोन हातात घेतला की तो रिकामा रकाना डोळ्यांसमोर येतो, आणि निम्म्या वेळा मी फोन ठेवते. निम्म्या वेळा ठेवत नाही.

तुमच्याकडे तर ही वही आधीच होती. अकरावीतली. नवी आणा आणि आठ दिवस रविवारसारखं लिहा: आज काय काय बघायचं. एखाद्या संध्याकाळी कागदावर काहीच आलं नाही, तर मिनिटं जमा धरा.

वय बोलतंय का, ते राहिलंच. थोडं बोलत असेल. पण शेवटचं पत्र वाचा, ते एकोणीस वर्षांच्या मुलीचं आहे.

प्रश्न : माझं वय ६८. मला फोनचा मनस्वी कंटाळा आला आहे, पण बँक, गॅस, वीजबिल, पेन्शन सगळे म्हणतात ओटीपी सांगा, लिंक उघडा. दिवसातून दहा तरी नको ते फोन येतात. यातून सुटकाच नाही का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमचा कंटाळा वरच्या गृहस्थांपेक्षा निराळा आहे. त्यांना कोणी बोलावलेलं नाही आणि ते जातात. तुम्हाला जायचं नाही आणि रोज बोलावणं येतं. पूर्वी कचेरीत खेटे घालायचे, आता कचेरी उशाशी येऊन बसली. पूर्ण सुटका नाही, पण भार हलका होतो.

नको त्या जाहिरातींच्या फोनसाठी ‘स्टार्ट’ आणि पुढे शून्य असा संदेश इंग्रजी अक्षरांत १९०९ ला पाठवा. काही दिवसांत बराच फरक पडतो. नातवाकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. हयातीचा दाखला फोनवरून काढलाच पाहिजे असं नाही. नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन समोर बसून देता येतो. पोस्टमनला घरी बोलावूनही तो करून घेता येतो. पासबुक भरून आणा, वीजबिल केंद्रावर रोख भरा. तो तुमचा हक्क आहे, काउंटरवरचा मुलगा कितीही तोंड वाकडं करो. फोनवर कोणी घाई करायला लागलं, ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणालं, तर सरळ ठेवून द्या. अशा माणसाच्या बोलण्यात येऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा. तिथे लाजू नका, माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त तहसीलदारही आहेत.

आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, मग विचारणारा बँकेचं नाव घेवो की देवाचं.

माझ्या दुकानात तुमच्या वयाच्या बायका येतात, त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. भांडी, शेण, कापणी यांत रेषा झिजलेल्या असतात. मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा. मी त्यांच्या बोटाला ओलं फडकं लावते, दुसरं बोट घेते, मग डोळ्याचं मशीन लावते. परवा एक आजी म्हणाली, ‘बाई, मी आहे की नाही हे ह्याला अजून ठरवता येईना व्हय?’ तुम्ही एकट्या नाही एवढंच सांगायचंय.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. इंटरनेट नसलेलं घर मी पाहिलेलंच नाही. आई म्हणते, आम्हाला कंटाळा येतो कारण आम्ही आधीचं बघितलंय, तुम्हाला कधी येणार नाही. खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : आईंना म्हणावं, एक दिवस माझ्या दुकानात बसा. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवसांत तुझ्या वयाची मुलं येतात. दिवसाचे सहा तास फोनवर असणारी ही मुलं फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, ‘ताई, तुम्हीच करा.’ येत नाही असं नाही. माझ्यापेक्षा चौपट वेगाने बोटं चालतात. पण अर्जाचं पहिलं पान उघडायच्या आधीच ती दमलेली असतात, नाश्त्याआधी तळण खाल्लेल्या माणसासारखी. कामाच्या इंटरनेटला लागणारा जीव त्यांनी बिनकामाच्या इंटरनेटवर सकाळीच घालवलेला असतो. मग तुमच्या आईच्या वयाची बाई वीस रुपये घेऊन तो अर्ज भरते. माझा धंदा चालतो, मी तक्रार करत नाही.

दुसरंही बघते. पूर्वी तुझ्या वयाची मुलं कॅफेत येऊन आधी स्वतःचा फोटो चढवायची, सगळ्या जगाने बघावा म्हणून. माझ्या भाचीच्या खात्यावर वर्षभर एकही फोटो नाही. ती म्हणते, आम्ही नऊजणी आहोत, त्या नऊजणींनाच दिसतं. तिला कंटाळा आला होता, तिने नऊ माणसांचा एक छोटा ओटा बांधला आणि बाकी अंगण सोडून दिलं. कुणी शिकवलं नाही तिला.

आता मला तुला एक विचारायचंय. बाकी सगळी पत्रं मेलवर आली. तुझं एकटीचं आंतरदेशीय पत्रावर आलं, निळ्या शाईने, मागच्या घडीवरसुद्धा लिहिलेलं, आणि ‘कंटाळा’वरचा अनुस्वार दोनदा गिरवलेला. पोस्टात जाऊन ते मागितलंस तेव्हा काउंटरवरचे काय म्हणाले? ते कळव. त्याच्यासाठी पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.